ढिगाऱ्याखालचं तांबडं पाणी: पीएच ७ आला म्हणून नाला बरा समजू नका

निर्गुडाकाठ (धागाकर्ता)

विदर्भातल्या वणी, भद्रावती, राजुरा, कोरपना या कोळसापट्ट्यात राहणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. कोळशाच्या खदानीतून निघालेल्या मातीदगडाचे, म्हणजे ओबीचे, जे डोंगर नदीनाल्यांच्या काठी उभे आहेत, त्यांच्या पायथ्यातून पाणी झिरपतं. ते नाल्यात उतरतं, नाला निर्गुडेत, इरईत, पैनगंगेत नाहीतर थेट वर्धा नदीत जातो. या झिरप्यानं नदीचं काय होतं आणि आपण ते कसं तपासायचं, हा विषय आहे.

तक्रार केली की दर वेळी एकच घडतं. कुणीतरी येतं, कागदी पट्टी पाण्यात बुडवतं, सात-साडेसात पीएच येतो (पाणी आम्ल आहे का ते सांगणारा आकडा, सातच्या खाली म्हणजे आम्ल), आणि "आम्ल नाही, पाणी बरं आहे" म्हणून निघून जातं. दगडांवर तांबूस साका बसलेला असतो, डोहात मासोळी नसते, गुरं तोंड लावत नाहीत, पण पट्टी सात दाखवते. माझं म्हणणं असं की आपल्या भागात पीएच हाच सगळ्यात फसवा आकडा आहे.

कोळशाच्या थरात आणि त्याच्या वरखालच्या काळ्या शेलमध्ये, म्हणजे थराथरांच्या मऊ दगडात, पायराइट असतं. लोखंड आणि गंधक यांचं खनिज. सोन्यासारखं चमकतं म्हणून त्याला सोनमाखी म्हणतात. जमिनीच्या पोटात हवा पोचत नाही तोवर ते कोट्यवधी वर्षं तसंच पडून राहतं. खोदून वर आणलं, ब्लास्टिंगनं फोडलं, डंपरनं ढीग रचला, की त्याला हवा आणि पाऊस दोन्ही मिळतात. गंधकाचं गंधकाम्ल होतं आणि लोखंड पाण्यात विरघळतं. पाणी पुरेसं आम्ल झालं की जिवाणू कामाला लागतात. अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स नावाचा जिवाणू विरघळलेल्या लोखंडाचं रूपांतर इतक्या वेगानं करतो की जिवाणूंशिवायचा वेग त्याच्या लाखांश हिश्श्याइतकाही नसतो. हे बदललेलं लोखंड परत पायराइटलाच फोडतं आणि नवं आम्ल तयार करतं. म्हणून खदान बंद झाली, कामगार गेले, फाटकाला कुलूप लागलं, तरी ढिगातली ही क्रिया चालूच राहते. पायराइट संपेपर्यंत किंवा त्याची हवा तोडेपर्यंत.

आता आपल्या भागाचं वेगळेपण. कोरपना-गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने ज्या चुनखडीवर चालतात ती चुनखडी, आणि काळ्या मातीतले चुन्याचे खडे, हे आम्ल खाऊन टाकतात. झिरपा काही अंतर अशा दगडमातीवरून वाहिला की पीएच सातावर येतो. आम्ल गेलं, पण आम्लाबरोबर आलेलं सल्फेट कुठंच गेलं नाही. ते आता कॅल्शियमच्या सोबतीनं पाण्यातच आहे. पाणी जड झालं, क्षार वाढले. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००:२०१२, सल्फेटला लिटरमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा देतं. दुसरा स्रोतच नसेल तर ४००. चुनखडीनं शांत केलेल्या खदानीच्या पाण्यात सल्फेट हजाराच्याही वर राहू शकतं आणि पीएच बिनचूक सात असू शकतो. जी पट्टी आपल्याला दाखवली जाते तिला हे दिसूच शकत नाही.

लोखंडाचंही असंच. पीएच वाढला की लोखंड पाण्यातून सुटून तांबड्या-पिवळ्या साक्याच्या रूपात तळाशी बसतं. पाणी वरून नितळ दिसतं. पण दगडांच्या फटीत जे किडे, अळ्या, माशांची अंडी असतात ती या साक्याखाली गुदमरतात, आणि नदीतल्या माशांचं खाणं तिथूनच येतं. शिवाय मँगनीज, निकेल, जस्त हे धातू लोखंडासारखे साताला लगेच बसत नाहीत. मँगनीज पुरतं काढायचं तर पीएच नऊच्या आसपास न्यावा लागतो.

म्हणून माझी विनंती: आपापल्या नाल्याची माहिती इथं टाका. झिरपा ढिगातून निघतो तिथलं पाणी कसं, नाल्यात कसं, नदीला मिळाल्यावर कसं. गावाचं नाव टाकलं नाही तरी चालेल, तालुका टाका. आणि ज्यांना यातलं कळतं त्यांनी तपासणीचं नीट सांगा.

---

कपाशीवाला

भाऊ, आमचं वावर ढिगाऱ्याच्या खालच्या अंगाला हाय, भद्रावती तालुका. विहिरीच्या पाण्यात डाय शिजत नाही. साबनाले फेस येत नाही. बायको म्हन्ते पानी जड झालं, मी म्हनो उन्हाया हाय म्हून असंल. पावसायातही तसंच हाय. पन सगळ्यात मोठी गोठ म्हन्जे गुरं. ह्या विहिरीचं पानी पेले का पातय शेन टाकतात, अन् वरच्या नाल्याचं पेले का बरे राह्यते. डॉक्टरनं जंताचं औषध देल्लं, फरक नाही पडला. हे सल्फेटनं होते का जी?

---

निर्गुडाकाठ

@कपाशीवाला, होऊ शकतं. सल्फेट जास्त असलं की पोट सुटतं, माणसाचंही आणि जनावराचंही. गुरांच्या पाण्यात सल्फेट हजाराच्या वर गेलं की हगवण लागते, आणि खूप दिवस तेच पाणी मिळालं तर अंगात तांब्याची कमतरता होते. केसांचा रंग उतरतो, जनावर खंगतं. पण तपासल्याशिवाय पक्कं म्हणता येणार नाही. विहिरीचं सल्फेट आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, काढा, आणि पशुवैद्यांना तो कागद दाखवा. जंताच्या औषधानं फरक पडला नाही हेही त्यांना सांगा. तोवर जमत असेल तर गुरांना वरच्या नाल्याचंच पाणी द्या.

---

गोंडवन

धाग्यातला मुद्दा बरोबर आहे. भूशास्त्र शिकते आहे, म्हणून थोडी भर.

आपला वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवनी, म्हणजे फार जुन्या काळातला, बराकर नावाच्या थरातला. गोंडवनी कोळशात गंधक साधारणपणे कमी असतं, बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्या आत. मेघालय-आसामचा कोळसा तरुण, तिथं गंधक दोन टक्क्यांपासून सात-आठ टक्क्यांपर्यंत. म्हणून तिकडे आम्लाची अवस्था भयानक आहे. मेघालयातल्या जयंतिया डोंगरातली लुखा नदी हिवाळ्यात गडद निळी होते. तिथल्या रॅट-होल, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद, खाणींवर राष्ट्रीय हरित लवादानं २०१४ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे तेवढं आम्ल नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं.

पण "गंधक कमी" हे सरासरी कोळशाबद्दल झालं. ढिगात कोळसा जात नाही, कोळशाच्या आजूबाजूचा दगड जातो, आणि पायराइट सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. काळ्या शेलचा एखादा पट्टा त्यानं भरलेला असतो, त्याच्या वरचा वालुकाश्म स्वच्छ असतो. हे सगळं एकाच ढिगात सरमिसळ टाकलं की तो पट्टा पूर्ण ढिगाचं पाणी बिघडवतो.

यासाठी एक हिशेब असतो, अ‍ॅसिड-बेस अकाउंटिंग. दगडातलं गंधक किती आम्ल करेल आणि दगडातला चुना किती आम्ल खाईल, हे मोजून वजाबाकी करायची. एक टन दगडात एक टक्का पायराइटचं गंधक असेल तर त्याचं आम्ल शांत करायला ३१.२५ किलो चुनखडी लागते. हा हिशेब खोदण्याच्या आधी, बोअरच्या नमुन्यांवर करता येतो. मग वाईट दगड ढिगाच्या पोटात, चांगला बाहेरून, असं रचता येतं.

आणखी एक. चुना संपतो. ढिगातून पहिली काही वर्षं सात पीएचचं पाणी येतं, कारण आतला चुना आम्ल खात असतो. तो संपला आणि पायराइट उरलेलं असलं की पीएच खाली घसरतो. त्यामुळे "गेली पाच वर्षं पीएच सातच येतोय" हा भरवसा ठेवण्यासारखा पुरावा नाही. त्याच काळात सल्फेट चढत असेल तर आत पायराइट जळतंय, एवढं नक्की कळतं. सल्फेट आधी बोलतं, पीएच नंतर.

---

निर्गुडाकाठ

@गोंडवन, तुमचं शेवटचं वाक्य मी ग्रामसभेत जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे.

---

जुना ओव्हरमन

भूमिगत खदानीत आयुष्य काढलं, आधी मायनिंग सरदार, मग ओव्हरमन, दोन्ही कामगारांवर देखरेखीची पदं. आता निवृत्त, राजुऱ्याकडे असतो. आम्हाला हे पाणी पुस्तकात वाचावं लागलं नाही, आमचे पंप ते वाचून दाखवायचे.

चालू गॅलरीतलं, म्हणजे कोळसा काढायच्या बोगद्यातलं, ताजं पाणी बहुतेक ठिकाणी बरं असायचं. पण आधाराचे कोळशाचे पिलर काढून छत कोसळू दिलेल्या जुन्या भागात, म्हणजे गोफमध्ये, साठलेलं पाणी संपमध्ये, म्हणजे उपशाच्या खड्ड्यात, उतरू लागलं की पंपाचा इंपेलर झिजायचा, पाइपला भोकं पडायची. बोल्ट बोटानं तुटावेत असे व्हायचे. कातडीला लागलं तर चरचरायचं. आम्ही संपमध्ये चुन्याच्या गोण्या ओतायचो. त्यानं पंप वाचायचा. चुना टाकल्यावर वर येणारं पाणी पट्टीवर बरोबर दिसणारच. धागाकर्त्याचं म्हणणं मला त्यामुळेच पटलं.

पण दोन गोष्टी तरुण मंडळींनी लक्षात घ्याव्यात. पहिली, खदानीचं सगळं पाणी वाईट नसतं. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की कित्येक गावं खदानीच्या पंपावर जगली आहेत. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला तर खदानीचं पाणी शुद्ध करून बाटलीत भरण्याचा प्रकल्प झाला. कुठलं पाणी, कुठून उपसलेलं, हे विचारल्याशिवाय सरसकट बोलू नये.

दुसरी, खरी भीती खदान चालू असताना नाही, पंप बंद झाल्यावर आहे. पंप थांबला की जमिनीखालचं पाणी हळूहळू वर चढतं. वर्षानुवर्षं हवा लागून गॅलरीच्या भिंतींवर जे क्षार फुटलेले असतात ते सगळे त्यात विरघळतात. ते पाणी एक दिवस सगळ्यात खालच्या तोंडातून, जुन्या इन्क्लाइनमधून, म्हणजे उतरत्या बोगद्यातून, नाहीतर कुणाच्या बोअरमधून बाहेर पडतं. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या पश्चिमेला सोन्याच्या जुन्या खाणींतून असंच आम्लपाणी २००२ मध्ये वर आलं आणि ओढ्यात शिरलं. आपल्या भागात तर खाणकाम दीडशे वर्षांचं. वरोऱ्याची इंग्रज सरकारची खदान १९०६ मध्ये बंद झाली. राष्ट्रीयीकरण १९७३ चं, त्याच्या आधीच्या खासगी खदानींचे पूर्ण नकाशे सगळीकडे मिळतील असं समजू नका. ज्या गावाखाली जुनं काम आहे त्यांनी विहिरीची पातळी आणि टीडीएस दर महिन्याला वहीत लिहून ठेवावी. एकदम बदल दिसला तर तो लेखी दाखवता येईल.

---

घुग्घुसकर

सगळं वाचलं. प्रश्न खरा आहे, नाकारत नाही. पण अशा धाग्यांचा शेवट "खदान बंद करा" असा होतो आणि मग आमच्या घरात कोण बघतं? माझा भाऊ डंपर चालवतो, मेव्हणा वर्कशॉपमध्ये आहे. दोन एकर कोरडवाहूत कापूस लावून काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे. नदीच्या नावानं पोटावर पाय येऊ नये, एवढंच.

---

निर्गुडाकाठ

@घुग्घुसकर दादा, या धाग्यात खदान बंद करा असं कुणी म्हटलेलं नाही आणि मी म्हणणारही नाही. माझ्याही घरात खदानीचा पगार आलेला आहे. मागणी एवढी आहे: ढिगाच्या भोवती गारलँड ड्रेन खोदावी, म्हणजे बाहेरचं पावसाचं पाणी ढिगात शिरणार नाही. ढिगाचा माथा काळ्या चिकण मातीनं दाबून बंद करावा आणि वर गवत लावावं, म्हणजे हवा आणि पाणी दोन्ही कमी शिरेल. झिरपा सरळ नाल्यात न सोडता आधी साठवण तळ्यात घ्यावा. आणि ढीग नदीच्या पात्रापासून लांब असावा. यात एकाही माणसाचं काम जात नाही. उलट ही कामं करायला माणसंच लागतात.

चंद्रपूर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत होतं. त्या हवेत तुमचा भाऊ डंपर चालवतो आणि त्याच नदीचं पाणी त्याच्या घरी येतं. हा प्रश्न त्याचाही आहे.

---

घुग्घुसकर

असं असेल तर मी सोबत आहे. भावाला विचारतो कोणत्या ढिगाखाली तांबडं पाणी दिसतं, त्याला सगळे ढीग पाठ आहेत.

---

डोहावरचा

आम्ही ढिवर. वर्धेत जाळं टाकणारे. पैनगंगा वर्धेला मिळते तिथून खाली.

एक निरीक्षण आहे, जाणकारांनी सांगावं. मासे उन्हाळ्यात मरत नाहीत, भर पावसात मरत नाहीत. मरतात ते मृगाच्या पहिल्या दमदार सरीनंतर. एका रात्रीत. नाल्याच्या तोंडाशी मरळ, वाम, झिंगे सगळं वर येतं. नदीला पाणी आलं म्हणून आनंद मानायचा तर त्याच दिवशी मासे उलटे. दोन दिवसांनी सगळं वाहून जातं आणि साहेब येतात तेव्हा काही नसतं. लोक म्हणतात कुणी विष टाकलं. मला तसं वाटत नाही, कारण खदानीच्या वरच्या अंगाच्या डोहात तसं होत नाही.

---

गोंडवन

@डोहावरचा काका, तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे.

उन्हाळ्यात ढिगातला ओलावा वर चढतो आणि उडून जातो. मागे पांढरा, पिवळसर, हिरवट क्षार फुटतो. हे लोखंडाचे सल्फेट असतात. त्यांच्यात आम्ल साठवलेलं असतं. आठ महिन्यांचं आम्ल कोरड्या रूपात ढिगाच्या अंगावर बसून राहतं आणि पहिल्या सरीत एकदम विरघळून नाल्यात येतं. त्या वेळी नदीत पाणी कमी असतं, म्हणून ते पातळ होत नाही. पुढे पूर आला की पातळ होतं. त्या आम्लपाण्यात दगडमातीतलं अ‍ॅल्युमिनियमही विरघळून येतं. नदीच्या पाण्यात मिसळून पीएच पाचाच्या आसपास आला की ते माशांच्या कल्ल्यांवर साक्यासारखं बसतं आणि मासे श्वास कोंडून मरतात. कल्ले उघडून पाहिले तर चिकट, भुरकट थर दिसू शकतो.

दुसरं कारणही असू शकतं: पहिल्या पावसात शेतातलं कीटकनाशक आणि कुजलेला कचरा येतो, ऑक्सिजन कमी होतो, त्यानंही मासे मरतात. म्हणून त्या रात्रीचंच पाणी हवं. दोन दिवसांनी घेतलेला नमुना काहीही सांगणार नाही.

---

नळीवाली

जिल्ह्याच्या ठिकाणी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. कुठल्या ते लिहीत नाही. नमुने असे येतात की तपासूनही उपयोग नसतो, म्हणून सविस्तर लिहिते.

पीएच जागेवरच मोजायचा. बाटलीत भरून दोन दिवसांनी आणलेल्या पाण्याचा पीएच खरा नसतो. विरघळलेलं लोखंड बाटलीत हवा लागून साका होतं आणि होताना आम्ल सोडतं. म्हणजे झऱ्यावर सहा असलेलं पाणी आमच्या टेबलावर चार होऊ शकतं. उलटही होतं: विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडाला की पीएच वर चढतो. दोन्ही बाजूंनी फसगत आहे.

दोन बाटल्या घ्या. एक साधी, काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता. सल्फेट, कडकपणा, क्षारता (पाण्याची आम्ल मारण्याची ताकद), टीडीएस तिच्यातून होतं. दुसरी धातूंसाठी, तिच्यात प्रयोगशाळा आधीच नायट्रिक अ‍ॅसिडचे थेंब घालून देते, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाहीत. ही दुसरी बाटली खळखळून धुवायची नाही, नाहीतर अ‍ॅसिड निघून जाईल. साधी बाटली मात्र त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. नमुना बर्फाच्या पेटीत, शक्यतो त्याच दिवशी पोचवायचा. बाटलीवर जागा, तारीख, वेळ, जागेवरचा पीएच आणि पाऊस कधी झाला ते लिहा.

कागदावर "पीएच, सल्फेट, क्षारता, आम्लता, एकूण कडकपणा, टीडीएस, लोह, मँगनीज" असं स्पष्ट मागा. नुसतं "पाणी तपासून द्या" म्हटलं तर नेहमीचे पिण्याच्या पाण्याचे निकष होतील आणि आम्लता त्यात नसते. आम्लता आणि पीएच या वेगळ्या गोष्टी आहेत. पीएच सहा असूनही पाण्यात विरघळलेलं लोखंड भरपूर असेल तर पुढे ते आम्ल सोडणारच. ते दडलेलं आम्ल आम्लतेच्या चाचणीत कळतं. क्षारतेतून आम्लता वजा केली की पाणी पुढे नदीत काय करणार ते समजतं.

ग्रामपंचायतीला जल जीवन मिशनमध्ये मिळालेली तपासणी पेटी जलसुरक्षकाकडे असते. लोह, कडकपणा, क्षारता, फ्लोराइड, नायट्रेट तिच्यात बघता येतं. मी पाहिलेल्या पेट्यांमध्ये सल्फेट नव्हतं. ते प्रयोगशाळेतच करून घ्या.

घरच्या घरी एक करता येतं. पारदर्शक बाटलीत पाणी भरून झाकण उघडं ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी तांबडा गाळ बसला तर लोह आहे. कोऱ्या चहाच्या अर्कात ते पाणी टाकलं आणि अर्क काळपट-निळसर झाला तरी लोह आहे. हे अंदाजापुरतं, कुठं अर्जाला जोडू नका.

---

आर्वीची सून

माहेर झरी-जामणीकडचं. आमच्या गावात दात पिवळे, म्हाताऱ्यांचे गुडघे वाकलेले. तेही खदानीमुळेच का?

---

नळीवाली

@आर्वीची सून ताई, ते बहुतेक फ्लोराइड आहे. यवतमाळच्या झरी-जामणी, पांढरकवडा भागात आणि चंद्रपूरच्या काही तालुक्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड खडकातूनच येतं, खदान असो वा नसो. मर्यादा १ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर दीड. ग्रामपंचायतीच्या पेटीत ते तपासता येतं, आजच करून घ्या. जुना बोअर सोडून उथळ विहिरीचं पाणी घेतलं तर पुष्कळदा फरक पडतो. खदानीच्या झिरप्याशी ते जोडू नका. जोडलं तर खरा उपाय हातून निसटतो.

---

राखेचा प्रश्न

चंद्रपूरच्या वीज केंद्राची राख खदानीत भरा म्हणजे आम्ल मरेल, असं आमच्याकडे एका सादरीकरणात सांगितलं. राख क्षारीय असते म्हणून. खरं आहे का?

---

गोंडवन

अर्धं खरं. ३१ डिसेंबर २०२१ च्या राखेच्या अधिसूचनेनुसार वीज केंद्रांना शंभर टक्के राख वापरायची आहे, आणि बंद खदानीचा खड्डा भरणं हा त्यातला मान्य मार्ग आहे. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं, राख किती निघत असेल ते समजा.

पण आपल्या कोळशाच्या राखेत चुना कमी असतो. आम्ल मारण्याची तिची ताकद चुनखडीच्या मानानं थोडी. आणि राखेतून आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम, मॉलिब्डेनम पाण्यात उतरू शकतं. यातले काही तर क्षारीय पाण्यातच जास्त सुटतात. म्हणून खड्डा भूजलाच्या पातळीखाली असेल तर आधी राखेची निक्षालन चाचणी (राखेतून पाण्यात काय उतरतं त्याची), भोवती निरीक्षण विहिरी, आणि त्या विहिरींच्या आधीच्या नोंदी मागा. नोंदी नसताना भरलेल्या राखेचा हिशेब नंतर लागत नाही.

---

निर्गुडाकाठ

उपायांबद्दल मला निरोप येत आहेत, म्हणून इथंच लिहितो. चुनखडीचा चर खोदून त्यातून झिरपा सोडायचा, हा सगळ्यात स्वस्त उपाय. पण उघड्या चरात चुनखडीच्या खड्यांवर तांबड्या साक्याचं कवच चढतं आणि काही काळानं खडा आतून कोरा असूनही काम करत नाही. म्हणून चर मातीनं झाकून हवाबंद करतात, म्हणजे लोखंड बसत नाही, चुना विरघळत राहतो. चर संपल्यावर पाणी उघड्यावर घेऊन साका तळ्यात बसू द्यायचा. त्यापुढे पाणकणसाचं उथळ दलदलीचं तळं. शेणखत, कुटार असं कुजणारं तळाशी असेल तर तिथले जिवाणू हवेशिवाय सल्फेट कमी करतात आणि धातू बांधून ठेवतात. तळ्यातला गाळ मात्र ठरावीक काळानं काढावाच लागतो, आणि तो वावरात टाकायचा नाही.

हे सगळं झिरप्याच्या तोंडाशी जमतं. नदीत मिसळल्यावर कुणाच्या बापाला जमणार नाही.

---

कागदपत्रे

वकिली करतो, पर्यावरणाची प्रकरणं पाहिली आहेत. मुद्द्याचं तेवढं सांगतो.

१९७४ च्या जल कायद्यात कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं, नोटीस देऊन, ठरलेल्या पद्धतीनं घेतलेला नमुनाच त्या कायद्याखालच्या कारवाईत पुरावा म्हणून चालतो. तुम्ही बाटली भरून आणलीत तर ती त्या अर्थानं पुरावा नाही. पण ती निरुपयोगी नाही. अधिकाऱ्याला नेमकं कुठं, कोणत्या दिवशी, कोणत्या निकषांसाठी यायला सांगायचं, हे तुमच्या बाटलीमुळेच ठरतं.

कोळसा खाणींच्या सांडपाण्याच्या केंद्रीय मानकात पीएच ५.५ ते ९ चालतो. म्हणजे साताचा आकडा दाखवून कागद पूर्ण होतो, धागाकर्ता म्हणतात तो खेळ इथून सुरू होतो. त्यामुळे मानकावर थांबू नका. खदानीच्या पर्यावरण मंजुरीत आणि मंडळाच्या संमतीपत्रात अटी असतात: गारलँड ड्रेन, ढिगाची उंची आणि उतार, नदीपासूनचं अंतर, भूजल निरीक्षण. पर्यावरण मंजुरीच्या अटींच्या पालनाचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो मागा, आणि अहवालात लिहिलेली ड्रेन जागेवर आहे का, ते फोटो काढून बघा. फोटोत अक्षांश-रेखांश यायला हवेत.

माहिती अधिकार कायदा २००५, कलम २(जे): त्यात कागदपत्रांच्या प्रतींबरोबर साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही आहे. सार्वजनिक उपक्रमाला तो लागू होतो. फार कमी लोक तो वापरतात.

हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. तिथं जायचं तर तक्रारीचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, नुकसानभरपाईला पाच वर्षं. आधी नोंदी, मग लवाद. उलटं केलं तर पहिल्याच तारखेला "आकडे कुठं आहेत" असं विचारतील.

---

डोहावरचा

पहिल्या सरीच्या रात्री मी डोहावरच असतो. बाटली आधी आणून दिली तर त्याच घडीला भरून ठेवीन. पीएच मोजायचं मात्र मला शिकवा.

---

निर्गुडाकाठ

@डोहावरचा काका, शिकवतो, अवघड नाही. पेन मीटर आणि पीएच चार व सातचं बफर पाणी घेऊन येतो. मोजायच्या आधी दोन्ही बफरवर लावून घ्यायचं, नाहीतर मीटर काहीही सांगतं.

तोवर वणी-भद्रावतीच्या लोकांसाठी ठरवू. प्रत्येक नाल्यावर तीन जागा: ढिगाच्या वरच्या अंगाला, झिरप्याच्या तोंडाशी, आणि नदीला मिळाल्यावर खालच्या अंगाला, पाणी नीट मिसळलेलं असेल तिथं. वरची जागा विसरू नका. तिच्याशिवाय "पाणी आधीपासूनच असं होतं" याला उत्तर राहत नाही. वेळा तीन: मे महिन्यात पाणी सगळ्यात कमी असताना, मृगाच्या पहिल्या सरीत, आणि दिवाळीनंतर. @घुग्घुसकर दादांनी ढिगांची यादी दिली की नाले वाटून घेऊ. @कपाशीवाला, तुमची विहीर यादीत पहिली.

---

कपाशीवाला

हो जी. बाटल्या कोठून घ्याच्या?

---

नळीवाली

प्रयोगशाळेतूनच घ्या, दोन दिवस आधी फोन करून. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटल्या आणू नका. आणि अ‍ॅसिड घातलेली बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गाडीत उभीच ठेवा.